डबल ट्रॉलीचा हुक नव्याने बांधताना: पिन का वाकते आणि काय बदललं

१४ सप्टेंबर
पावसाने उघडीप दिली म्हणून ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या शेडजवळ ओढून घेतल्या. ट्रॅक्टर ५० एचपीचा, ट्रॉल्या एका अ‍ॅक्सलच्या. गाव कोल्हापूर जिल्ह्यात भोगावती नदीकाठचं, हंगामात ऊस कारखान्यावर न्यायचा. ट्रॉलीच्या दांडीची कडी हुकात घालून वरून पिन टाकतात. गेल्या हंगामात या पिना सारख्या वाकत होत्या. एक पिन गगनबावडा रस्त्यावर भरल्या ट्रॉल्यांनिशी मोडली. मागची ट्रॉली सुटून रस्त्याकडेच्या चरात गेली. कुणाला लागलं नाही, पण मागून मोटरसायकली येत होत्या. त्यामुळे या वर्षी हुक मुळापासून बघायचा असं ठरवलं. ज्यांच्याकडे डबल ट्रॉली आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून मापं आणि खर्चासकट लिहून ठेवतोय.

गावात सगळे एकच औषध सांगतात: "जाड पिन घाल." ते लगेच करणार नाही. आधी मोजणार.

१६ सप्टेंबर
ग्रीस आणि मातीचा थर खरवडून, डिझेलने धुऊन हुक उघडा केला. व्हर्निअर लावला.

पिन मूळची ३० मिमी, साध्या एमएसची (माइल्ड स्टील, मऊ पोलाद). हुकाच्या दोन जबड्यांची भोकं ओढीच्या दिशेने ३७ मिमीपर्यंत लांबट झालीत, अंड्यासारखी. ट्रॉलीच्या दांडीची कडी २५ मिमी प्लेटमधून कापलेली, तिचं भोकही आतून चाटून गेलंय. दोन जबड्यांमधली फट ६५ मिमी. म्हणजे २५ ची कडी ६५ च्या फटीत मोकळी नाचते.

कडी पिनवर, पिन जबड्यात, आणि सगळ्यांत खेळ. दांडी हाताने पुढे-मागे ढकलली की खण्‌खण् आवाज येतो. ट्रॅक्टर निघताना हा सगळा खेळ आधी संपतो आणि मग १० टनांची ट्रॉली एकदम पिनला हिसका देते. उतारावर उलटं होतं, ट्रॉली पुढे येऊन धडकते.

१७ सप्टेंबर
रात्री वहीवर ढोबळ हिशेब केला. तो इथे देतो, कारण पुढचं सगळं काम त्यावरच उभं आहे.

दोन्ही भरलेल्या ट्रॉल्या मिळून २० टन धरल्या, तर डांबरी सपाट रस्त्यावर त्यांना ओढायला वजनाच्या दोन-तीन टक्के जोर पुरतो, म्हणजे ४०० ते ६०० किलो. दहाला एक असा चढ लागला की त्यात २ टनांची भर. एमएसची ३० मिमीची पिन दोन्ही जबड्यांत नीट बसली असेल तर कातरायला सुरुवात व्हायलाच २० टनांच्या आसपास जोर लागतो. मग ती मोडते कशी?

पहिलं कारण हिसका. भरलेली एक ट्रॉली १० टनांची धरा. ती ताशी नुसत्या १ किलोमीटरच्या फरकाने पिनवर आदळली आणि सगळं ५ मिमीत थांबलं, तर सरासरी जोरच ८ टनांच्या घरात जातो. क्षणभराचा जोर त्याच्या दुप्पट.

दुसरं कारण फट. कडी ६५ मिमीच्या फटीत मध्यावर ओढते तेव्हा पिन कातरत नाही, वाकते. त्या हिशेबाने हीच ३० ची पिन ५ टनांतच वाकायला लागते. कातरायला २० टन आणि वाकायला ५. गेल्या वर्षीच्या पिना काढून पाहिल्या. सगळ्या मधोमध वाकलेल्या, आणि मोडलेलीचा तुकडाही आधी वाकून मग तुटलेला. हिशेब जुळला.

म्हणून काम ठरलं: खेळ काढायचा, फट कमी करायची. जाडी त्यानंतर बघू.

१९ सप्टेंबर
नुसतीच जाड किंवा फार कडक पिन घालण्याला माझा विरोध का, हे चुलत्यांना समजावताना अर्धा दिवस गेला. पिन काही शे रुपयांची. हुक ट्रॅक्टरच्या मागच्या हाऊसिंगला बोल्टने बसलेला असतो आणि हाऊसिंग ओतीव लोखंडाचं. पिन हटली नाही तर हिसका बोल्टांना, बोल्टांनी नाही ऐकलं तर हाऊसिंगला. तिथे तडा गेला तर ट्रॅक्टर दुभागून खोलावा लागतो.

चुलते म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे, हुक तेवढा जरा वर घे की. बांधाला घासतोय." ते तर मुळीच नाही. ओढ मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याच्या खालीच हवी. ओढीची जागा जितकी वर जाईल तितकी पुढची चाकं उचलायला ट्रॉलीला सोपं जातं, आणि चढावर ट्रॅक्टर मागे उलटतो. चिखलात रुतलेल्याला टोचन लावतानाही साखळी टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या जोडाच्या) जागी अडकवणारे लोक बघतो तेव्हा पोटात गोळा येतो. हुक होता त्याच उंचीवर राहील, बांध थोडा उतरून घेऊ.

२२ सप्टेंबर
हुक उतरवला. बोल्टांपैकी एक हाताच्या पान्यानेच सैल झाला. हे सगळ्यांनी तपासावं, हुक न काढताही तपासता येतं.

हुक वेल्डिंगला चालेल का हे बघायला कोपऱ्याला ग्राइंडर लावला. ठिणग्या लांब, पिवळट-पांढऱ्या आणि टोकाला फुटणाऱ्या निघाल्या, म्हणजे पोलाद. आखूड आणि लालसर निघाल्या असत्या तर ओतीव, मग वेल्डिंगचा विचारच सोडावा लागला असता.

२४ सप्टेंबर
सोपा उपाय आधी करून पाहिला: कडीच्या वर-खाली मोकळे जाड वॉशर घालून फट भरली. रिकामी ट्रॉली जोडून शिवारातून फिरवली. आवाज कमी झाला, म्हणून बरं वाटलं. पण काढून पाहिलं तर एका वॉशरची कड उडालेली. आणि नीट विचार केला तर त्याने पिनला काही आधारच मिळत नाही. मोकळा वॉशर पिनबरोबरच हलतो, जबड्याला धरून नसतो. पिनचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ६५ चा तो ६५ चाच राहतो. वॉशरने कडी उड्या मारायची थांबते, वाकणं थांबत नाही. बाजारात हाच उपाय खपतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

२७ सप्टेंबर
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर मिस्त्रींकडे हुक घेऊन गेलो. त्यांनी हुक हातात घेतला, भोकात बोट फिरवलं आणि कागदावर दोन रेघांत काय करायचं ते काढून दिलं. लांबट भोकं ४२ मिमीला बोअर करून गोल करायची आणि त्यात कॉलरवाले बुश (एका टोकाला रुंद कड असलेल्या छोट्या नळ्या) दाबायचे. बुश आतल्या बाजूने दाबायचे, म्हणजे कॉलर जबड्याच्या आतल्या अंगाला बसते. कॉलर जबड्याला धरून असल्यामुळे पिनचा गाळा खरोखर कमी होतो, आणि झिजले की बुश बदलता येतात. वेल्डिंगची गरज नाही. वॉशर आणि कॉलर दिसायला सारखे, कामात जमीन-अस्मानाचा फरक.

पिनसाठी ईएन ८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) रॉड, ३२ मिमी, हार्डन-टेंपर करून, म्हणजे तापवून कडक करून मग ठिसूळपणा काढून. दोन मिमी वाढले ते बाजारात मिळणाऱ्या रॉडच्या मापामुळे. त्याहून मजबूत ईएन २४ चा विचार केला होता. मिस्त्री म्हणाले, "साहेब, पिन वाकलेली दिसली पाहिजे. न वाकणारी पिन कधी जाईल ते सांगत नाही." पटलं.

रॉडच्या वजनाचं सूत्र सगळ्यांना माहीत असावं: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते निघतं. ३२ चा रॉड ६.३ किलो मीटरला. दुकानदाराचा काटा यावरून पडताळता येतो.

कडी नवीन, ३० मिमी प्लेटमधून गॅसने कापून आतून टर्निंग केलेली.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. उद्यमनगरात सगळीकडे लेथ धुऊन-पुसून झेंडूच्या माळा. काम बंद. घरी ट्रॅक्टर आणि हत्यारं पुजली.

५ ऑक्टोबर
दसरा करून बहीण मुंबईला परत निघाली, तिला सोडायला कोल्हापूर स्टेशनवर गेलो. शेवटचं स्टेशन असल्यामुळे इथे इंजिन सोडणं-जोडणं नेहमी बघायला मिळतं. या वेळी थांबून नीट पाहिलं.

रेल्वेने खेळाचा प्रश्न कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. जुन्या आयसीएफ बनावटीच्या डब्यांना स्क्रू कपलिंग असतं: एका डब्याची कडी दुसऱ्याच्या हुकात टाकायची आणि मधला उलटसुलट आट्यांचा स्क्रू पिळायचा, दोन्हीकडचे बफर एकमेकांवर दाबले जाईपर्यंत. खेळ उरतच नाही. नव्या एलएचबी डब्यांना मुठीसारखे कपलर, एकमेकांत आपोआप अडकणारे. त्या मुठीच्या कपलरचं पेटंट अमेरिकेतल्या इलाय जॅनीचं, १८७३ सालचं. त्याआधी तिकडे कडी आणि पिनच होती, आपल्या ट्रॉलीसारखी. माणूस दोन डब्यांच्या मध्ये उभा राहून पिन टाकायचा आणि कित्येकांची बोटं, हात, जीव गेले. १८९३ साली कायदा करून तिकडे आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे केले.

आपल्याकडे ट्रॉली जोडताना पोरगा अजून तिथेच उभा राहतो. ट्रॅक्टर मागे येतोय, एका हातात दांडी, दुसऱ्यात पिन. हुकाच्या कामात हे माझ्या यादीतच नव्हतं. आता घातलं.

९ ऑक्टोबर
हुक तयार होऊन आला. बुश दाबून बसवलेले, कॉलर प्रत्येकी १२.५ मिमी, म्हणजे फट ६५ वरून ४०. कडी ३० ची, वर-खाली ५-५ मिमी मोकळीक. हिशेबाने साधी ३० ची पिनसुद्धा इथे दहा टनांच्या वर टिकली असती.

हुक बसवला, बोल्ट सगळे नवे, ८.८ ग्रेडचे, कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कला टॉर्क पान्याने आवळले. रिकाम्या ट्रॉलीने रस्त्यावर एक फेरी. खण्‌खण् पूर्ण गेली. ब्रेक मारला तरी आवाज नाही.

१० ऑक्टोबर
शेतात घालताच अडचण समोर आली. चारी ओलांडताना ट्रॅक्टरची मागची चाकं खाली, ट्रॉली अजून वर. दांडीला जेवढं तिरकं व्हायचं होतं तेवढी जागा ५ मिमीत नव्हती. कडीची धार कॉलरवर चढली आणि करकर आवाज करत सगळं अडकलं. पिन हाताने निघेना, घण घालून काढली. कॉलरवर चंद्रकोरीसारखी खोल खूण, आणि दांडीचं टोक किंचित वर वाकलेलं. भरलेली ट्रॉली असती तर हुकच उखडला असता.

रस्त्यावर जे माप बरोबर तेच शेतात चुकीचं. रेल्वेला चारी ओलांडावी लागत नाही.

१३ ऑक्टोबर
परत मिस्त्रींकडे. दोन बदल केले.

एक, कॉलर ९.५ मिमीपर्यंत उतरवल्या. फट ४६, कडीला वर-खाली ८-८ मिमी. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, कडीच्या भोकाच्या वरच्या-खालच्या धारा गोल करून घेतल्या, भोक मध्ये निमुळतं आणि दोन्ही तोंडांना फाकलेलं. आता कडी पिनवर डुलते, धार लागत नाही. चांगल्या कंपनीच्या ओढणीच्या कड्या गोल सळीसारख्या जाडीच्या का असतात ते आता कळलं.

यात आधार थोडा गमावला. ३० ची एमएस पिन असती तर वाकण्याचा आकडा पुन्हा ७ टनांवर आला असता. हार्डन-टेंपर केलेल्या ३२ च्या ईएन ८ ने तो पंधराच्या घरात जातो. इथे मात्र पिनच्या धातूने खरं काम केलं, हे मान्य केलं पाहिजे.

दांडीचं टोक गरम करून सरळ केलं.

१५ ऑक्टोबर
पुढच्या ट्रॉलीचा मागचा हुक. रंगाखाली सगळं ठीक दिसत होतं. रंग खरवडला, सांध्यांवर डिझेल लावून थोडा वेळ मुरू दिलं, कोरड्या फडक्याने लख्ख पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. थोड्या वेळात आडव्या चॅनेलच्या वेल्डिंगशेजारी पांढऱ्या खडूतून केसासारखी काळसर ओली रेघ उमटली. वीतभर लांब. तड्यात शिरलेलं डिझेल बाहेर पाझरतं, एवढंच तंत्र. खर्च शून्य. प्रत्येकाने हंगामाआधी हे करावंच.

त्या तड्यावर आधी कुणीतरी नुसतं वरून वेल्डिंग मारलेलं होतं. तडा खाली तसाच राहिला आणि पुन्हा वर आला. या हुकावर तर फक्त मागच्या एका ट्रॉलीची ओढ. मग तडा इथेच का? कारण मागच्या ट्रॉलीच्या नाकाचं वजन याच आडव्या चॅनेलवर बसतं आणि प्रत्येक खड्ड्याला आपटतं. ओढीपेक्षा या आपटण्याने चॅनेल पिळला जातो.

१७-१८ ऑक्टोबर
तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. ग्राइंडरने तडा तळापर्यंत उकरला, खडूने पुन्हा तपासला, मग ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडने भरला. हे रॉड दमट चालत नाहीत, आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघड्या पाकिटातले तर नाहीच. वेल्डरच्या ओव्हनमध्ये तापवून घेतले.

नंतर दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्या घालून हुकाचा भार चेसीच्या लांब चॅनेलपर्यंत नेला. एकट्या आडव्या चॅनेलवर आता काही लटकत नाही. वेल्डरने जुना कमानपाटा कापून पट्ट्या करायचं सुचवलं होतं, भंगारात स्वस्त मिळतो म्हणून. नको म्हटलं. कमानीचं पोलाद वेल्डिंगशेजारी कडक होऊन काचेसारखं तडकतं. साधी एमएसची पट्टी घेतली.

२४ ऑक्टोबर
दिवाळी झाल्यावर सुरक्षेचं काम घेतलं.

दोन्ही जोडांना सुरक्षा साखळ्या, प्रत्येकी दोन, दांडीच्या खाली कैचीत घेतलेल्या. पिन निघाली तर दांडीचं नाक रस्त्यात न घुसता साखळ्यांच्या झोळीत पडतं. लांबी पूर्ण वळणाला ताण येणार नाही इतकीच. साखळी हुकाच्या पिनलाच अडकवायची नाही, नाहीतर पिन गेली की साखळीही गेली.

पिनच्या खालच्या टोकाला क्लिप, ती छोट्या साखळीने हुकालाच बांधलेली. क्लिप हरवली की लोक तार किंवा खिळा घालतात, तेवढ्यानेच पिन उडते. पिनच्या डोक्याला हातभर लांब कडीची मूठ आहे (ती टेंपर करण्याआधीच वेल्ड करून घेतली होती, नंतर वेल्डिंग केलं तर टेंपर जातं). दांडीला स्क्रू जॅक बसवला, उंची त्याने जुळवायची.

नवीन नियम: ट्रॅक्टर हलत असताना ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये कुणी नाही. ट्रॅक्टर मागे येऊन थांबणार, हँडब्रेक लागणार, मग माणूस आत जाणार. ड्रायव्हरला आणि पोरांना स्वतः उभं राहून दाखवलं.

२९ ऑक्टोबर
नाकाचं वजन मोजलं. वजनकाट्यावर आधी एकटा ट्रॅक्टर. मग ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टर काट्यावर, ट्रॉलीची चाकं काट्याबाहेर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावर बसलेलं वजन. रिकाम्या ट्रॉलीला ३१० किलो आलं.

११ नोव्हेंबर
पहिल्या खेपा सुरू. भरलेल्या ट्रॉलीला हुकावर १,१४० किलो. दुसऱ्या खेपेला फक्त ५२० आलं. ऊस तेवढाच, पण टोळीने मोळ्या मागे जास्त रचलेल्या. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचलतं, तोच प्रकार. नाक हलकं झालं की ट्रॉली खड्ड्याला हुक वर झटकते आणि मागे साप चालल्यासारखी हलते. मुकादमांना आकडे दाखवून विनंती केली: पुढचा गाळा आधी दाबून भरा. जास्तीही नको, नाहीतर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग सुटतं. मुकादम म्हणाले, "गाडी भरायचं आम्हाला शिकवू नका मालक, पण तुमचा आकडा खरा हाय." तेव्हापासून फरक दिसतोय.

२३ नोव्हेंबर
पिना बाहेर काढून सरळ काच ठेवून पाहिल्या. एकही वाकलेली नाही. कडीच्या खुणा आता पिनच्या मध्यावर एकसारख्या रुंद पट्ट्यात आहेत, आधी एका रेघेत असायच्या. बुशच्या भोकात ०.३ मिमी झीज. बुश १.५ मिमी झिजले की बदलायचे असं ठरवलंय. हुकाचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासले, दोन जरासे सैल, आवळले. हे दर पंधरवड्याला.

चारीवर एकदाही अडकलं नाही.

आतापर्यंतचा खर्च:
बोअरिंग, बुश, कॉलर पुन्हा उतरवणं: ४,६०० रुपये.
पिना (दोन जोड आणि एक जादा), हार्डन-टेंपरसह: २,४०० रुपये.
दोन कड्या, कापणी आणि टर्निंग: २,२०० रुपये.
मागच्या हुकाचं वेल्डिंग, पट्ट्या, रॉड: ३,५०० रुपये.
साखळ्या, क्लिप, बोल्ट: २,९०० रुपये.
स्क्रू जॅक दोन: ३,८०० रुपये.
वॉशरचे ३५० रुपये वाया.
एकूण १९,७५० रुपये.

गेल्या हंगामात चरात गेलेल्या ट्रॉलीचा अ‍ॅक्सल, क्रेन आणि वाळलेल्या उसाचा तोटा याहून जास्त होता.

राहिलेलं काम: मागच्या ट्रॉलीच्या पाठीला लाल रिफ्लेक्टर लावलेत, पण उसाचे हिरवे शेंडे (वाडं) लोंबकळून ते झाकतात. ते खाली, चाकांच्या पट्टीवर घ्यायचे. रात्री मागून येणाऱ्याला दुसरी ट्रॉली दिसलीच पाहिजे. या आठवड्यात खेपांच्या मध्ये वेळ काढून ते करणार आहे.